काम करत नाही असा दाखला

सोमवारी सकाळी पावणेअकराला दिपमालाने चौकात स्कूटी वळवली आणि समोर तिला स्वतःचाच चेहरा दिसला. दहा फूट बाय आठ फूट. गोरा केलेला, गालांवर गुलाबी हात फिरवलेला, डोक्यामागून सूर्याची किरणं निघालेली. ओठ तिचेच होते, पण कुणीतरी त्यांना लिपस्टिक लावली होती. खाली लाल अक्षरांत, पिवळी कड देऊन: 'आपल्या कॉलनीची सुकन्या कु. दिपमाला रुपचंद यांचे धुळे येथील नामांकित लॅबमध्ये वरिष्ठ तंत्रज्ञ पदावर रुजू झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' त्याखाली चौदा शुभेच्छुक, चौदाही काळ्या गॉगलात, आणि त्यांच्या मधोमध मोबाइल कानाला लावलेला योगराज. मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. ही मी नव्हेच, असं तिला आधी वाटलं. मग आठवलं की पोलीस कचेरीत परवानगीच्या खिडकीवर बसणारे झुलालभाऊ रोज याच चौकातून कामाला जातात. रुजू कुठली? रुजू होण्याची परवानगी मागायला तर ती निघाली होती. परवानगीची फाईल साहेबांच्या टेबलावर होती आणि झुलालभाऊंनी फोनवर सांगितलं होतं, सोमवारी या ताई, बहुतेक होऊन जाईल. अकरा महिन्यांत त्या खिडकीतून 'बहुतेक' हा शब्द पहिल्यांदा बाहेर आला होता, आणि त्याच दिवशी योगराजला तिचा अभिमान वाटावा!

योगराज शेजारच्या बेबाबाईचा मुलगा. चौकातच त्याचं फ्लेक्सचं दुकान. दिवाळी आठवड्यावर आलेली, त्यामुळे दुकानात शुभेच्छांचे ढीग पडलेले आणि रंगाचा वास डोक्यात जाणारा. तिला पाहून तो खुर्चीवरून उठला, कारण आता ती बोर्डावरची बाई होती. "आवडला का ताई? फोटो तुमच्या बाबांनी दिला. पासपोर्टचा होता, जरा ब्राइट केला." ती म्हणाली, योगराजभाऊ, मी रुजू झालेली नाहीये. तो म्हणाला, "हां, पण होणार ना?" ती म्हणाली, परवानगी यायचीय. "मग येईल ना. आपलं मॅटर सेट राहतं ताई. तलाठी झाला, पीएसआय झाला, अंगणवाडीत लागली, एकच फाईल. नाव टाकायचं, फोटो टाकायचा. परवानगीची वाट पाहताहेत म्हणून अभिनंदन, असा बोर्ड मी आजवर छापला नाही, कुणी मागितलाही नाही." हे त्याचं बरोबर होतं, आणि म्हणूनच तिला जास्त संताप आला. माणूस चुकीचं वागला की त्याला चार शब्द सुनावता येतात. हा तर स्वतःच्या खिशातून प्रेम करून बसला होता. काढ म्हणाली, आत्ताच्या आत्ता काढ. तर शिडी पिंप्राळ्याला गेलेली. दुपारी काढतो म्हणाला, आणि तिच्या हातावर पेढा ठेवला. तो पेढा हातात घेऊन ती फुटपाथवर उभी राहिली. खावा की फेकावा हे सुद्धा तिला ठरवता येईना, म्हणून तो रुमालात बांधला.

एवढ्या मोठ्या अक्षरांत नाव तिला कधी नकोच होतं. तिला ते अगदी बारीक हवं होतं, मुंगीएवढं, रक्ताच्या रिपोर्टच्या तळाशी डाव्या बाजूला, जिथे 'तपासणी करणार' असं छापलेलं असतं. जळगावातल्या एका लॅबमध्ये तिने चार वर्षं काम केलं. दिवसाला साठ-सत्तर नमुने, काचपट्ट्या रंगवायच्या, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायचा, पेशी मोजायच्या, आकडे लिहायचे. पहिल्या महिन्यातच तिथला डॉक्टर म्हणाला होता, "तुझा कागद मला काही समजत नाही बुवा. पाकिस्तानचा पासपोर्ट, वर भारताचा व्हिसा, त्यावर पुन्हा मुदतवाढ. काम कर, पण नाव नको." रिपोर्टवर कुणा भूषणचं नाव जायचं, जो दोन वर्षांपूर्वीच सुरतेला निघून गेला होता. बाहेरून तपासणीला कुणी आलं की डॉक्टर तिला पांढरा कोट काढायला लावून पेशंटच्या बाकावर नेऊन बसवायचा. एकदा एक अधिकारी नेमका तिच्यापुढेच थांबला आणि मायेने म्हणाला, काय होतंय बेटा? ती म्हणाली, ताप. त्याने तिच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ थंड होतं. तो म्हणाला, हं, उतरतोय. तो हात तिला अजून आठवे, आणि आठवला की खोटेपणाची एक घाणेरडी कळ कपाळापासून खाली उतरत जाई. म्हणून धुळ्याच्या कामिनी मॅडमनी मुलाखतीत विचारलं, पगार किती पाहिजे, तेव्हा ती बोलून गेली होती की रिपोर्टवर नाव येणार का? मॅडम चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "अगं, तपासणार तू तर नाव काय माझ्या मावशीचं घालू? पण कागद पक्का आण. मी चोरून कुणाला ठेवत नाही. वर्षभर, पुढच्या एक नोव्हेंबरपर्यंत, जागा ठेवते. त्यापुढे मला कुणीतरी बघावंच लागेल." तिने दुसऱ्याच दिवशी जळगावची नोकरी सोडली. डॉक्टरने तिच्या जागी तितक्याच तातडीने दुसरी मुलगी घेतली. तिचंही नाव बहुतेक भूषणच असणार.

कागद पक्का आण! जणू कागद भाजीबाजारात मिळतो. दिपमाला ज्या व्हिशावर राहत होती त्यावर राहण्याचं ठिकाण जळगाव असं लिहिलेलं. धुळ्याला जाऊन राहायचं आणि काम करायचं तर जिल्हा बदलण्याची परवानगी हवी. परवानगीसाठी धुळ्याच्या मालकाचं नेमणूकपत्र हवं. नेमणूकपत्रासाठी मॅडमना परवानगी हवी. बरं, मॅडमनी मोठ्या मनाने 'परवानगी मिळाल्यास नेमू' असं पत्र दिलं, तर खिडकी म्हणाली, धुळ्यातल्या घराचा भाडेकरार लावा. घरमालक म्हणाला, आधी पोलिसांचा कागद दाखवा, तुम्ही लोक तिकडचे. पोलिसांचा कागद म्हणजे तीच खिडकी. फॉर्मवर आडनावाचा रकाना रिकामा चालत नाही आणि तिच्या पासपोर्टवर आडनावच नाही, नुसतं दिपमाला आणि पुढे बापाचं नाव, म्हणून दोन महिने फाईल मागे. मग फोटोची पार्श्वभूमी पांढरी नाही म्हणून तीन आठवडे. प्रत्येक वेळी ती संतापाने तणतणत घरी यायची आणि बाबा फुले मार्केटबाहेरची मोज्या-रुमालांची गाडी आवरून आलेले असायचे, पाय गरम पाण्यात सोडून बसलेले. म्हणायचे, "बेटा, साहेब लोक आहेत. त्यांना हजार कामं. आपण इथे आहोत हेच किती." बाबांचं हे वाक्य तिला चावायचं. दहा वर्षं आपण इथे आहोत, अजून किती दिवस नुसतं असण्याबद्दल आभार मानायचे? त्यांचं सबंध आयुष्य एका प्लास्टिकच्या पिशवीत होतं, वर रबर लावलेलं, आणि ती पिशवी ते झोपताना उशीखाली ठेवत.

त्या पिशवीतला सगळ्यात जुना कागद म्हणजे सिंधमधल्या घोटकीच्या शाळेतला तिचा दाखला. सिंधीत लिहिलेला, हिरव्या शाईच्या सहीचा. काका, काकू, त्यांची मुलं दोन हजार चौदाच्या डिसेंबरमध्येच निघून आले. बाबाही निघणार होते. पण हेडमास्तर भाचीच्या लग्नाला सक्करला गेलेले, आणि दाखल्यावर त्यांची सही हवी. पोरीला कागदाशिवाय तिकडे कोण शाळेत घेईल, असं म्हणून बाबा थांबले. लग्न लांबलं, हेडमास्तर आजारी पडले, सही झाली आणि रेल्वेने सरहद्द ओलांडेपर्यंत जानेवारीची बावीस तारीख उजाडली. पुढे नागरिकत्वाचा कायदा आला तो एकतीस डिसेंबर चौदापर्यंत आलेल्यांसाठी. काका नागरिक झाला, मतदान केलेलं शाईचं बोट तिला मुद्दाम दाखवून गेला. आणि तो दाखला? जळगावच्या शाळेत बाईंनी तो उलटसुलट करून पाहिला, ही लिपी आम्हाला येत नाही म्हणाल्या, आणि तिला दोन इयत्ता मागे बसवलं. बावीस दिवस. कधी ती हिशेब मांडायला बसली की कुणाला दोष द्यायचा हेच कळेनासं व्हायचं, बाबांना, हेडमास्तरांना, की लग्नात जरा जास्तच रमलेल्या त्या भाचीला. सगळे भले लोक. तिच्या आयुष्याचं आजवर जे जे नुकसान झालं ते भल्या लोकांनीच केलं होतं, आणि भल्या लोकांवर ओरडताही येत नाही.

खिडकीपाशी ती पोचली तेव्हा झुलालभाऊ चहाची बशी खाली ठेवत होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलेला माणूस, जाड भुवया, खिशाला तीन पेनं. त्यांनी तिला बसा म्हटलं. बसा म्हटलं की वाईट बातमी असते, हे अकरा महिन्यांत तिला कळून चुकलं होतं. त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यात चौकातला तिचा गोरा चेहरा.

"साहेबांनी पाहिला ताई. सकाळी सहालाच. फिरायला जातात ना ते तिकडून."

"भाऊ, तो बोर्ड योगराजने लावलाय. मी रुजू झालेली नाही."

"मला माहीत आहे. पण बोर्ड काय म्हणतो? रुजू झाल्या म्हणतो. परवानगी नसताना रुजू झाल्या तर फाईलचं काय होईल, तुम्हीच सांगा."

"मी इथे तुमच्यापुढे उभी आहे. धुळ्याला रुजू असते तर सोमवारी अकरा वाजता इथे कशी असते?"

झुलालभाऊंनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. त्यांच्या भुवया जवळ आल्या. "रजा टाकून येऊ शकता," ते म्हणाले. मग आवाज उतरवून, "ताई, चिडू नका. साहेब मंजूरच करणार होते. आता खुलासा जोडल्याशिवाय सही करता येणार नाही. तुम्ही असं करा. धुळ्याच्या लॅबचं पत्र आणा."

"कसलं पत्र?"

"की तुम्ही तिथे काम करत नाही."

"भाऊ, मी तिथे काम करावं म्हणूनच तर हे सगळं चाललंय."

"बरोबर. पण तुम्ही तिथे काम करत नाही हे सिद्ध झाल्याशिवाय तिथे काम करायची परवानगी कशी देणार?" हे म्हणताना त्यांच्या चेहऱ्यावर चेष्टेचा लवलेशही नव्हता. "गुरुवारपर्यंत आणा. शुक्रवारपासून दिवाळीच्या सुट्ट्या, मग साहेब एकदम पाच नोव्हेंबरला."

बाहेर ऑक्टोबरचं ऊन भट्टीसारखं. स्कूटीच्या सीटवर हात ठेवला तर चटका बसला, आणि तो चटका तिला बरा वाटला, कारण तो निदान सरळ होता. मग रुमालातला पेढा आठवला. तो वितळून रुमालाला चिकटला होता. तिने तो खाऊन टाकला.

घरी बेबाबाई दारातच वाट पाहत बसली होती. पारोळ्याकडची म्हातारी, जिच्या ओट्यावर बसून पंधरा वर्षांची दिपमाला मराठी शिकली, आधी म्हातारीची अहिराणी आणि मग शाळेतली. "व माय, बठ्ठा चौक तुनाच फोटो देखी ऱ्हायना! मी त दोन डाव जाई उनू." दोनदा चौकात जाऊन फोटो बघून आलेल्या तिने दिपमालाच्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. दिपमालाचा चेहरा पाहून तिला जवळ ओढलं. "कसाले तोंड पाडस? नोकरी लागनी ना तुले?" दिपमाला म्हणाली, कागद यायचाय अक्का. "मंग यी ना कागद. कागद कथा पळी जास? आनंदनी गोट शे, आनंद कर." दिपमालाला एकदम रडू फुटलं, आणि ते रागाचं आहे हे म्हातारीला कसं सांगावं ते समजेना. रात्री बाबा आले ते तो फ्लेक्स काखेत गुंडाळून. योगराजने काढून त्यांच्याच हवाली केला होता. त्यांनी तो अंगणात उलगडला, नीट पुसला, बरंच पाहिलं, आणि दुसऱ्या दिवशी गाडीवर पावसापाण्याला आच्छादन म्हणून बांधला, चेहरा आत करून. मी नुसतं हो म्हटलं असतं तर त्यांनी चेहरा बाहेर करून बांधला असता, असं तिला वाटलं, आणि त्यावरूनही ती मनातल्या मनात भांडली.

बुधवारी ती एसटीने धुळ्याला गेली. जायला बंदी नव्हती, राहायला आणि कामाला होती. एरंडोल गेलं, पारोळं गेलं. दोन्ही बाजूंनी कापूस फुटलेला, बायका ओळीने वेचत चाललेल्या. मुकटीच्या अलीकडे कुठेतरी जिल्हा बदलतो. तिथे एक पाटी आहे, कडेला गंजलेली, आणि तिच्यावर कुणाच्या तरी वाढदिवसाचा कागद चिकटवलेला. पाटीच्या अलीकडे जो कापूस होता तोच पलीकडे होता. एका बाईची ओळ तर अलीकडून सुरू होऊन पलीकडे संपत होती, आणि तिला कुणी काही विचारत नव्हतं. खरी सरहद्द दिपमालाने पाहिली होती, तारांची, दिव्यांची, जिथे रेल्वे थांबवून प्रत्येक ट्रंक उघडली गेली आणि आईची जुनी ओढणी एका शिपायाने झटकून पुन्हा घडी करून ठेवली. ती घडी त्याने फार नीट घातली होती. त्या सरहद्दीचा तिला इतका राग आला नव्हता. ती निदान दिसत होती. ही कापसातून जाणारी, जी फक्त तिच्याचसाठी आखलेली होती, तिचा मात्र दर वेळी नव्याने राग यायचा. कंडक्टर म्हणाला, ताई, खिडकी लावा, धूळ येते. तिने खिडकी लावली नाही.

कामिनी मॅडमची लॅब जुन्या दवाखान्याच्या तळमजल्यावर. साठी ओलांडलेल्या बाई, पंधरा दिवसांपूर्वी डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, काळा चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि खो खो हसल्या. मग दिपमालाचा चेहरा पाहून हसणं आवरलं. "तीस वर्षांत काम करतो असे दाखले शेकड्याने दिले. करत नाही असा पहिलाच." लेटरहेड संपलेलं. रिपोर्टचे छापील कोरे कागद होते, वर लॅबचं नाव, खाली उजवीकडे त्यांचं, डावीकडे 'तपासणी करणार'. त्यावरच त्यांनी टाइप केलं, मोठ्याने वाचत. 'प्रमाणित करण्यात येते की कु. दिपमाला रुपचंद या आमच्या प्रयोगशाळेत काम करत नाहीत व त्यांनी येथे आजपर्यंत कोणत्याही स्वरूपाचे काम केलेले नाही.' उजवीकडे सही, शिक्का. कागद गरम होता, प्रिंटरमधून नुकताच निघालेला. कुठल्याही लॅबच्या रिपोर्टच्या कागदावर तिचं नाव पहिल्यांदाच आलं होतं. ती ते पुन्हापुन्हा वाचत राहिली. नाव बरोबर होतं. काना, मात्रा, सगळं बरोबर.

तेवढ्यात एक मुलगी दारात आली, डोक्यावर ओढणी, हातात पावती. "मॅडम, अम्मीचा रिपोर्ट झाला का? डॉक्टर थांबलेत." मॅडम म्हणाल्या, पाच मिनिटं अर्शी. बाहेर बाकावर तिची आई होती, ताजबी, यंत्रमागाच्या कारखान्यात सुताच्या कांड्या भरणारी बाई. या उन्हात तिने स्वेटर घातला होता आणि तिचे दात वाजत होते. मॅडम सूक्ष्मदर्शकाशी जाऊन बसल्या, वाकल्या, डोळा चोळला, पुन्हा वाकल्या. "बारा दिवसांचा ताप. मलेरियाची झटपट टेस्ट निगेटिव्ह. तिकडे डॉक्टर डेंग्यू धरून बसलेत. मला ठिपक्यांसारखं काहीतरी दिसतंय, पण तो रंगाचा कचराही असेल. हा मेला डोळा..." आणि मान वळवून, अगदी सवयीने, जशी ती गेली चार वर्षं इथेच असावी तशी, म्हणाल्या, "जरा बघ गं."

दिपमाला उभी राहिली आणि थांबली. हातात तो कागद. शाई वाळलीही नसेल. कोणत्याही स्वरूपाचे काम. काउंटरच्या वर कॅमेरा होता, त्याचा तांबडा दिवा लागलेला. साहेब सकाळी सहाला फिरायला जातात, आणि जिथे फिरायला जात नाहीत तिथलंही त्यांना दिसतं. बघितलं तर हा कागद खोटा. नाही बघितलं तर कागद खरा राहील, फाईल जाईल, सही होईल, एक तारखेला ती याच खुर्चीत बसेल आणि तिचं नाव खाली डावीकडे छापलं जाईल. फक्त आज बघायचं नाही. उद्या-परवा दुसरं कुणीतरी बघेल. मॅडमनाही आपण काय बोलून बसलो ते उमगलं. त्या घाईने म्हणाल्या, "नको नको, राहू दे. मी नमुना बाहेर पाठवते. उद्या येईल रिपोर्ट." बाहेर ताजबीने मान भिंतीला टेकवली. अर्शीने तिच्या कपाळावर हात ठेवला आणि झटकन मागे घेतला, चटका बसल्यासारखा. दिपमालाला तो दुसरा हात आठवला, थंड कपाळावर ठेवलेला. चार वर्षांपूर्वी अशाच बाकावर बसून तिने ताप आहे म्हटलं होतं, आणि आता तिथे एक बाई खऱ्या तापात बसली होती. तिला सगळ्यांचा भयंकर राग आला, साहेबांचा, योगराजच्या सेट मॅटरचा, झुलालभाऊंच्या तीन पेनांचा, या बाईने आजच इथे यावं याचाही. त्या रागातच तिने कागद पिशवीत घातला, पिशवी उचलून कोपऱ्यातल्या खुर्चीवर ठेवली, पाठमोरी, आणि येऊन बसली.

डोळा लावला आणि सगळं गप्प झालं. गुलाबी पेशींचं शेत. ती सावकाश, ओळीओळीने सरकत गेली, कापूस वेचावा तशी. ठिपके होते, पण काही पेशींवर चढलेल्या प्लेटलेट होत्या, काही खरंच कचरा. पन्नास क्षेत्रं, शंभर. मान दुखायला लागली. काचपट्टीच्या अगदी कडेला, जिथे पेशी विरळ होतात आणि कंटाळलेला माणूस पुढची पट्टी घेतो, तिथे ते होतं. वाकडं, दोन्ही टोकं गोल, मध्ये काळसर दाणे. लॅबच्या कोर्सला शिकवताना सर म्हणायचे, जळगावच्या पोरांना हे काय दाखवायचं, केळं ओळखता ना? ती म्हणाली, "मॅडम, केळं." मॅडम धावत आल्या, तिच्या खांद्यावर हात टेकून वाकल्या, आणि बराच वेळ वर उठल्याच नाहीत. मग फोन. डेंग्यू नाही हो डॉक्टर, फॅल्सिपेरम आहे, आत्ताच्या आत्ता मलेरियाचं औषध सुरू करा, मेंदूत जायची वाट बघू नका. रिपोर्ट टाइप करताना डावीकडच्या रकान्यापाशी मॅडमची बोटं थांबली. "राहू द्या मॅडम," दिपमाला म्हणाली. रकाना कोराच गेला. अर्शी तो घेऊन आईला धरून निघाली, आणि जाताना मॅडमना हात जोडून गेली.

गुरुवारी झुलालभाऊंनी पत्र दोनदा वाचलं, एकदा चष्मा लावून, एकदा काढून. प्रसन्न झाले. "झकास. साफ लिहिलंय. आज संध्याकाळपर्यंत साहेबांकडून घेतो मी, माझा शब्द." मग कागद तिच्याकडे फिरवला आणि रबरी शिक्का मारला, 'वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे', तो नेमका खाली डावीकडे, कारण तिथेच जागा होती. पिशवीत मोबाइल थरथरला. तिने पाहिला. कामिनी मॅडमचा एक ओळीचा मेसेज: ताजबी उठून बसली, चहा मागितला. तिने मोबाइल उलटा ठेवला. झुलालभाऊंनी तीन पेनांपैकी चांगलं निवडून तिच्यापुढे धरलं. "इथे करा ताई. ही रिकामी जागा आहे ना, तिथे." शिक्क्याच्या निळ्या शाईखालून छापील अक्षरं दिसत होती, तपासणी करणार. दिपमालाने त्यांच्यावर आपलं नाव लिहिलं, सावकाश, अगदी बारीक अक्षरात.